देवांचं आवतण

"कॅसेट नाही हो राहिली," दीनानाथ सर म्हणाले. "सगळ्यांना बुरशी धरली. टाकून द्याव्या लागल्या."

 उलव्याहून रिक्षा करून, सासूला सावरत, रंजिता पनवेलला सरांच्या या संग्रहात आली होती ती सरांनी पूर्वी भरून घेतलेल्या सासूच्या गाण्यांच्या त्या एका कॅसेटसाठी. शेजारच्या खुर्चीत सासू, भामाबाय बसली होती. आसपासच्या गावांतली शेवटची धवलारीण. लग्नात गाऊन देवांना आवतण देणारी. पावसाळ्यात अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. बोलणं परत आलं, धवल्याचं गाणं आणि त्यातली देवांची नावं आली नाहीत. उद्या नातवाची, धनेशची हळद. देव आल्याशिवाय हळद कशी लावता, म्हणून म्हातारीनं अन्नपाणी टाकलं होतं.

"घाबरू नका. शब्द मी आधीच उतरवून घेतलेत." जुन्या घराण्यांचे कागद कोंबलेल्या कपाटातून सरांनी फाइल काढली. रंजिताचा जीव भांड्यात पडला.

सर वाचू लागले. "यावे यावे हे ग्रामदैवता, मंडपी निमंत्रण आपणांस..."

चाल रंजिताच्या कानात होती. ती ओठांतल्या ओठांत शब्द बसवू लागली. चाल संपली तरी शब्द उरतच होते.

"सर, आये असं नाय म्हनायची."

"भाषा फार अशुद्ध होती. थोडी सुधारून घेतली."

"आनि देवांची नावं? खाडीवरचा, मिठागराचा, बांधावरचा... येकेकाचं नाव घेऊन बोलवायची ती."

"तीच ओळ पुन्हा पुन्हा, फक्त नाव वेगळं. पानंच्या पानं भरली असती. म्हणून इथे बघा, ‘क्षेत्रपाल इत्यादी देवांनी यावे.’"

रंजिताला ती फाइल हिसकावून टराटरा फाडावीशी वाटली. पण तिला स्वतःला तरी कुठं एक नाव आठवत होतं? घरातच धवलारीण, मग सुनेनं कशाला लक्षात ठेवायचं! आणि आता जाऊन बघावं तर बांध नाही, मिठागर नाही, सगळीकडे मातीचा भराव.

"सर, पाया परते तुमच्या. आठवा ना. येक तरी नाव."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"नाही हो आठवत," ते हळूच म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतली म्हातारी हलली.

"रंजिता, यो इत्यादी कंचा देव?"

 भामाबायनं डाव्या हातानं आपला लुळा हात उचलला, छातीशी आणला आणि दोन्ही हात कसेबसे जोडले.

"येऊ दे," ती म्हणाली. "त्यो तरी येऊ दे."