तळाची, ओढीची, नाचवायची

"ही नको," घरमालक म्हणाला आणि चिटणिसांच्या हातातली चकचकीत गळाची काठी काढून घेऊन त्याने ती परत भिंतीवर टांगली. "ही पाहुण्यांना दाखवायची. कामाच्या काठ्या आत आहेत."

चिटणीस त्याच्यामागे गेले. बंदरावरच्या गळकऱ्यांच्या क्लबमध्ये चिटणीस म्हणून येऊन त्यांना अजून पुरता महिनाही झाला नव्हता. आठ बंदरांची स्पर्धा तोंडावर आली होती आणि कर्णधारपद कुणाला द्यायचं यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले होते. एक गट म्हणे, क्लबच्या विक्रमांच्या फलकावर ज्यांच्या आडनावापुढे बहात्तर किलो लिहिलंय, त्यांना सोडून दुसऱ्या कुणाचा विचारच नको. दुसरा म्हणे, तो मासा नऊ वर्षांपूर्वीचा. आता त्यांची साठी उलटली, खांदा एकदा निखळलाय, आणि एखादा मोठा मासा नशिबानेही गळाला लागतो. शेवटी घोंगडं नव्या माणसाच्या गळ्यात पडलं. "त्यांच्या घरी जा, काठ्या बघा. काठी ओळखता येते का, तेवढं पाहून या," अध्यक्ष म्हणाले होते. नेमणुकीचं पत्र खिशात होतं. द्यायचं की नाही, ते चिटणिसांनी ठरवायचं होतं.

मंडळी बाहेर गेलीत, तासाभरात येतील, असं घरमालकाने दारातच सांगितलं होतं. चिटणीस म्हणाले, त्यांना कशाला तसदी, मी काठ्यांबद्दल बोलायला आलोय.

"मग माझ्याशीच बोला. या घरात काठी निवडायचं काम माझं."

आतली खोली अरुंद होती, पण लख्ख. खिडकीखाली एक बाक, त्यावर मेण, दोऱ्याची रिळं, व्हार्निशची बाटली. भिंतीशी नऊ काठ्या शाळेच्या पोरांसारख्या उंचीप्रमाणे उभ्या. सगळ्या जुन्या पद्धतीच्या, दोरी गुंडाळायची चरखी वरच्या अंगाला बसवलेल्या.

चिटणिसांनी परीक्षा घ्यायची ठरवली. ते स्वतः वीस वर्षं गळ टाकत होते. खोल पाण्यात तळाशी गळ सोडायचा तर यातली कुठली, त्यांनी विचारलं.

घरमालकाने न बघता हात घातला. काठी आखूड, जाड, शेंडा ताठ. पाऊण किलोचं शिसं लावलं तरी ही मान खाली घालत नाही, तो म्हणाला. तळाचा मासा गळ गिळून खडकात शिरतो. त्याला तिथून उपटायचा तर काठी हट्टी हवी. मऊ काठी नुसती वाकते आणि मासा बिळात बसून हसतो.

चालत्या होडीमागे गळ ओढायचा असेल तर? त्याने दुसरी पुढे केली. हिला दोरी ओवायच्या कड्यांच्या जागी बारीक चाकं होती. मासा सुसाट पळाला की दोरी कड्यावर घासून तापते, तुटते. चाकं त्याने स्वतः बसवली होती, आणि तीही तीनदा. पहिल्या दोन वेळा मनासारखी झाली नव्हती.

तिसरी फार हलकी होती. धातूची मासोळी पाण्यात वरखाली नाचवायला. दिवसभरात हजार वेळा हात वर न्यायचा, तेव्हा तोळाभर वजनही संध्याकाळी मणाचं होतं. ही गेल्या वर्षी नवी केली, खांद्याला मानवेल अशी.

खांद्याचा विषय निघालाच होता. चिटणिसांनी जरा चाचरत विचारलं, दुखणं अजून आहे का.

"थंडीत कुरकुरतो. पण तो निखळला त्या दिवशीची गोष्ट सांगतो." घरमालक बाकावर टेकला. "साडेचार तास झुंज. दुसऱ्या तासालाच खांदा गेला. होडीवाला म्हणाला, दोरी कापा. कापली नाही. पुढचे अडीच तास एका हाताने. डॉक्टर नंतर रागावले, सोडून द्यायचा होता मासा. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, या घरात सोडायची रीत नाही."

हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. फक्त तो जरा ताठ बसला.

चिटणिसांनी शेवटचा प्रश्न काढला. यात बडे बडे फसत. सगळ्यांतून एकच काठी होडीत नेता येणार असेल, तर?

या वेळी मात्र घरमालकाने वेळ घेतला. दोन काठ्या उचलल्या, ठेवल्या. मग सर्वांत उंच काठी आडवी धरून चिटणिसांच्या तळहातावर ठेवली. शेंडा मऊ, कंबर भक्कम. जिवंत मासोळी लावली तर तिला कळतसुद्धा नाही की आपण बांधलेलो आहोत, आणि मोठा मासा लागला की हीच काठी कंबर कसते. बहात्तर किलोचा हिनेच काढला. मुठीवरचं लाकूड बोटांच्या जागी झिजून खोलगट झालं होतं. त्याने त्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

"लोक म्हणतात नशीब," तो म्हणाला. "नशीब असं लाकडाला खड्डे पाडत नाही."

चिटणिसांना आणखी काही विचारायचं राहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून पत्र काढून बाकावर पसरलं आणि सांगितलं, कार्यकारिणीला मी काय सांगायचं ते सांगेन. संघाचं कर्णधारपद या घरातच आलं पाहिजे.

घरमालकाने चष्मा लावून पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ तो पुसत राहिला, काचा स्वच्छ होत्या तरी.

"नऊ वर्षं वाट बघितली याची," तो म्हणाला.

चिटणिसांनी पेन पुढे केलं आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथे सही करा, कर्णधार."

"मी?" तो मनापासून हसला. "सही आमच्या हिची घ्या, होडी आता धक्क्याला लागेलच. मला तर नुसतं धक्क्यावर उभं राहिलं तरी बोट लागते."