एकटीला बसू देत नाहीत

अम्युझमेंट पार्कच्या फाटकातून आत शिरल्या शिरल्या बद्रीनाथांनी पाळण्यांची वाटणी करून टाकली. शेतात मजुरांना पाती नेमून द्याव्यात तशी.

"संस्कृतीनं घोड्यावर बसायचं. इंद्रजीत, तू आन् सूनबाई त्या मोठ्या पाळण्यात. आम्ही दोघं म्हातारे हितं बाकड्यावर, पिशव्यांपाशी."

वय बघून काम द्यायची त्यांची रीत होती आणि फुलंब्रीच्या घरात ती कुणी मोडत नसे. प्रेरणानंही मान हलवली. पण सूनबाईंचे डोळे पाळण्याकडे नव्हतेच. ते होते पलीकडच्या रोलर कोस्टरवर. रुळांवरून गाडी खडखडत चढायची, टोकाला क्षणभर थांबायची आणि किंकाळ्यांसकट खाली कोसळायची. तिला त्यात एकदा बसायचं होतं. बाकी सगळे पाळणे तिनं आनंदानं सोडून दिले असते.

सोबत बसायचं इंद्रजीतनं कबूल केलं होतं. पण आधी लेकीच्या हट्टापायी तो टोराटोरात बसला, गोल गोल फिरून उतरला आणि थेट कडुनिंबाखाली जाऊन ओकला. नाव इंद्रजीत आणि लोळवलं लेकरांच्या खेळण्यानं. आता तो गवतावर आडवा होऊन लिंबू चोखत होता.

"जाऊ दे ना. पुढच्या येळंला बस," तो डोळे न उघडता म्हणाला.

"पुढची येळ कधी येती ते ठावं हाय मला," असं म्हणून प्रेरणानं ओढणी कमरेला बांधली आणि एकटीच रांगेत जाऊन उभी राहिली. संस्कृती तिच्या मागं पळाली, आणि नातीला धरायला बद्रीनाथ.

गेटवरच्या माणसानं संस्कृतीला खांबावरच्या लाल पट्टीशी उभं केलं. पट्टी तिच्या डोक्याच्या वीतभर वर राहिली.

"छोटी को नहीं चलता. और दीदी, अकेले भी नहीं बैठने देते. दो की सीट है." मग त्यानं रांगेतला एक गॉगलवाला तरुण हेरला. "ये भैया अकेले हैं. इनके साथ बिठा दूँ?"

प्रेरणा काही बोलायच्या आत बद्रीनाथ पुढं झाले होते. "म्या बसतो."

"बाबा, बीपी, शुगर कुछ?"

"मला काय धाड भरलीय?"

बोलून गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. घरात ते ओसरीवर आले की सून उठून उभी राहायची. ते ज्या सतरंजीवर असतील तिच्यावर ती कधी टेकली नव्हती. जीपमध्येसुद्धा दोघांच्या मधे त्यांची बायको आवडाबाई तरी असायच्या, नाहीतर नात. आता इकडं आड, तिकडं विहीर. सुनेला परक्याच्या शेजारी बसवायचं, की आपल्याच? मागून लोक 'चला, चला' करायला लागले. नातीला तिच्या आजीकडं पिटाळून दोघं आत शिरले.

प्रेरणा एका कडेला सरकली, बद्रीनाथ दुसऱ्या कडेला. मधे ओंजळभर जागा राहिली. मग लोखंडी दांडा दोघांच्या मांड्यांवर खाली आला. त्याला मर्यादा वगैरे काही ठाऊक नव्हतं.

गाडी खडखडत चढली. टोकावर पोचल्यावर प्रेरणाला लांबवर दौलताबादचा किल्ला दिसला, रस्त्यावरची एवढीशी एसटी दिसली, आणि तिला इतका आनंद झाला की ती खळखळून हसली. "मामा, ते बघा!" सासऱ्यांना ती मामाच म्हणायची, पण असं आपणहून त्यांना काही दाखवायची ही पहिलीच वेळ. मामांनी डोळे गच्च मिटले होते. गाडी कोसळली तेव्हा ते "आई गं!" म्हणून ओरडले, हाताला लागलं ते धरलं आणि गाडी थांबेपर्यंत सोडलं नाही.

उतरल्यावर टोपी सारखी करत ते ताठ मानेनं बाकड्यापर्यंत गेले आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. प्रेरणा मागून आली. आवडाबाईंची नजर सुनेच्या मनगटावर गेली. हिरव्या बांगड्यांतल्या दोन कमी होत्या आणि काचेचा ओरखडा उठला होता. 'फुटल्या' असा अशुभ शब्द आवडाबाई काही झालं तरी उच्चारणार नव्हत्या.

"बांगड्या कशानं वाढल्या गं?"

"दांड्याला लागल्या, आत्याबाई," प्रेरणा म्हणाली. सासऱ्यांकडं तिनं पाहिलंही नाही.

गोष्ट तिथंच मिटली असती. कुणी पुढं विचारलंही नसतं. पण बद्रीनाथांनी बाटली खाली ठेवली.

"दांड्याला कशाला? म्या धरला व्हता तिचा हात. लई भ्यालो."

गवतावरचा इंद्रजीत उठून बसला. बाप कशाला तरी भ्याला, हे त्यानं बापाच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. प्रेरणाचे डोळे भरून आले. असं मोठ्या मनानं कबूल करणारा सासरा आपल्याला मिळाला, असं तिला वाटलं.

आवडाबाईंनी सुनेचा हात मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकानं रक्त टिपलं. नवऱ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललात. माझ्या वाढायच्या, तवा दाराच्या चौकटीला लागल्या म्हणून मीच सांगत आले जल्मभर."