मूठ सोडल्यावर

सोमवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचले नाही, तर लेझरवरची माझी दोन महिन्यांची वेळ दुसऱ्याला मिळणार होती. पाच महिन्यांच्या लेकीला सांभाळणार कोण? नवऱ्याची नोकरी फिरतीची, आई हयात नाही. धाड गावी बाबांच्या अंगणात नकाराचा ईमेल लिहीत होते. “तिथं मोजतं तरी काय तू?” बाबांनी विचारलं. “पाणी लेझरनं क्षणात तापवायचं. त्यातल्या प्रथिनाची घडी मोडते. ती पुन्हा किती वेळात बसते, ते इन्फ्रारेड उजेडानं मोजायचं.” बाबांनी पहिल्या वेचणीचा कापूस मुठीत दाबून सोडला. तो हळूहळू फुलला. “असंच ना? ओला असला तं दबूनच राह्यते.” मी हसले. “मंग जाय. नातीले सांभाळाले मी येतो संगं.” “अन् कपाशीची दुसरी वेचणी?” त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं. “बोंडअळी पडली. कपाशीची सारी पऱ्हाटी परवाच उपटली. काळजीनं तुहं दूध आटन म्हून बोललो नाही, पोरी.”