शेवटचे दहा

बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत रिकामा केला.

"इथे काय सोडत काढायची आहे?"

समोरच्या मुलीने टोपलीबाहेर पडलेली एक चिठ्ठी उचलली. ती प्रयोगशाळेत येऊन सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात तिने बाईंचा प्रयोग तीनदा केला होता आणि तीनदा तो फसला होता. प्रयोग तसा सोपा. वीस पांढरे उंदीर घ्यायचे. दहांना चौदा दिवस पाण्यातून औषध द्यायचं, दहांना नुसतं पाणी. मग एकेकाला फिरत्या पट्ट्यावर पळवायचं आणि कोण किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघायचं. बाईंच्या हातचे औषधवाले उंदीर नेहमी दीडपट पळत. एकदा नाही, अकरा वर्षांत नऊ वेळा. हिच्या हातचे मात्र दोन्हीकडचे सारखेच धापा टाकत. कुठला उंदीर कुठल्या पिंजऱ्यात जाणार हे ती चिठ्ठ्या टाकून ठरवायची, म्हणून सगळे तिला चिठ्ठीवाली म्हणत. बाईंना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. तिला नुसतं बघितलं तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हा राग मानापमानाचा नव्हता. बाईंचा धाकटा भाऊ चाकांच्या खुर्चीत बसून होता. त्याचे स्नायू झिजत चालले होते. आधी पाय गेले, आता चमचा धरणारी बोटं जात होती. औषध त्याच्यासाठीच शोधलं होतं. रोज संध्याकाळी तो थट्टेने विचारायचा, "ताई, तुझे उंदीर शर्यती जिंकतायत, माझा नंबर कधी?" माणसांना औषध देऊन बघायची परवानगी आता मिळायच्या बेतात होती. समितीची एकच अट होती, की हाच निकाल दुसऱ्या कुणाच्या हातूनही आला पाहिजे. आणि तो दुसरा हात या पोरीचा होता.

"आता डोळे उघडे ठेवून बघ," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या सावरून मोठ्या पिंजऱ्यात हात घातला.

पहिले उंदीर मुकाट्याने हाती आले. कोपऱ्यात बसलेले, अंग चोरून. ते दहा डाव्या पिंजऱ्यात गेले, नुसत्या पाण्याचे. पाणीवाले आधी आणि औषधवाले नंतर, म्हणजे घोळ होत नाही, हा बाईंचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. उरलेल्या दहांनी मात्र नाकी नऊ आणले. शेवटचा तर पिंजराभर नाचला, जाळीवर चढला, दोनदा बोटांतून निसटला आणि पकडल्यावर अंगठ्याला कडकडून चावला. बाईंनी त्याला उजव्या पिंजऱ्यात टाकलं. प्राण्यांची देखभाल करणारे मामा हसत हसत पट्टी घेऊन आले. शेवटचा वांड दरवेळी बाईंना प्रसाद देतो, असं ते म्हणाले.

मुलीने मामांना बाईंच्या अंगठ्याला पट्टी बांधू दिली आणि मग हळूच विचारलं, की औषध सुरू करायच्या आधी या सगळ्यांना एकदा पळवून बघू या का?

बाईंनी तिला फाडून खाल्लं. त्यांच्या हाताची परीक्षा घ्यायची असेल तर तिने दुसरी प्रयोगशाळा शोधावी. चौदा दिवस तिने उजवीकडे औषध, डावीकडे पाणी द्यायचं, यापलीकडे डोकं चालवायचं नाही. या वेळीही घोटाळा झाला तर सामान बांधायचं.

पंधराव्या दिवशी घड्याळ बाईंनी स्वतःच्या हातात धरलं. डावीकडचे सरासरी वीस मिनिटांत थकले. उजवीकडचे एकतीस मिनिटं पळाले. अंगठ्याला चावलेला तर चाळीस मिनिटं झाली तरी थांबायला तयार नव्हता.

बाईंचा आनंदसुद्धा रागातूनच बाहेर पडला. सहा महिन्यांचं सगळं त्यांनी त्या मुलीच्या पदरात घातलं. तिचा आळस, तिच्या शंका, तिच्या चिठ्ठ्या. या सहा महिन्यांत एका माणसाची तीन बोटं कायमची गेली, त्यांचा हिशोब कोण देणार, असं त्यांनी विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसत होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. मग त्यांनी तिच्यादेखतच घरी फोन लावला.

"अरे, झालं बाबा. दुसऱ्याच्या हातूनही झालं. आता कुणी अडवू शकत नाही."

मुलगी फ्रीजपाशी गेली. तिने औषधाची बाटली आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाटली काठोकाठ भरलेली होती आणि झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं.

"हे काय?" बाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरून विचारलं.

"चौदा दिवस दोन्ही पिंजऱ्यांत नुसतं पाणीच होतं, बाई."

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर अंगठ्यावर गेली. पट्टी निघाली होती, पण दातांच्या खुणा अजून होत्या. त्यांच्या शेजारी जुन्या खुणा होत्या, त्यांच्या शेजारी आणखी जुन्या. सगळ्या शेवटच्या उंदरांच्या. सुस्त होते ते आधी हाती लागले. चपळ होते ते निसटत राहिले आणि शेवटी औषधाच्या पिंजऱ्यात गेले. अकरा वर्षं पळणारे उंदीर त्या स्वतःच्या हाताने निवडत होत्या.

फोनमध्ये धाकटा हसत होता.

"ताई, ऐकतेयस ना? मग मला कधीपासून देणार?"