निळ्या डोळ्याचं माहेर

सून अश्लेषा कधी उलटून बोलायची नाही, हीच तुळजाबाईंची तक्रार. नातीचा एक डोळा निळा निघाल्यापासून त्या सुनेच्या माहेराला नावं ठेवत होत्या, तरी ही आपली मुकीच.

अशा डोळ्यासोबत कधी बहिरेपणही येतं, म्हणून धाराशिवच्या डॉक्टरांनी सासू-सुनेसमोर नातीचे कानही तपासले, ते ठणठणीत निघाले. मग त्यांनी विचारलं, "हे पिढ्यांतून येतं, कुणाच्या डोळ्यात, तर कुणाच्या केसांत. घरात कुणाला जन्मापासून कपाळावर पांढरी बट आहे का?"

अश्लेषानं मान खाली घातली. सासूची जन्मापासूनची पांढरी बट दर पंधरवड्याला काळ्या मेंदीखाली तीच तर लपवायची.



तुळजाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला. "सांग की गं त्यास्नी! पोरगी माझ्यावर गेलीय. निळा डोळा द्यायची तुझ्या माहेराची ऐपत तरी हाय का?"