अकरा दिवसांचा लॉर्ड

फेस्टीने घोड्याचा लगाम हातात घेतला आणि मान खाली घातली. 

उलिकला वाटलं, म्हातारा मोतद्दार मागे बांधून आणलेल्या तट्टावर नाराज आहे. तट्टू करड्या रंगाचं होतं आणि उंचीला उलिकच्या कमरेपेक्षा जेमतेम वीतभर जास्त. बॅलिनास्लोच्या ऑक्टोबरातल्या घोडेबाजारात त्यावरून त्याची भरपूर थट्टा झाली होती.

"बसणार कोण यावर? तुमचे तर पाय जमिनीला लागतील," घोडेवाला म्हणाला होता.

"माझा पुतण्या."

"जानेवारीत जन्मणार आहे, तो? आणि मुलगी झाली तर? मग तुमचंच फावलं की हो!"

"मुलगीही घोड्यावर बसते," उलिक म्हणाला होता आणि तट्टासाठी एक छोटा लगामही विकत घेतला होता. तो आता त्याच्या कोटाच्या खिशात होता.

"काय रे फेस्टी, दोन दिवसांत दातखीळ बसली?"

"दाणा घालतो याला," फेस्टी म्हणाला. तट्टाला तबेल्याकडे नेताना त्याने त्याच्या मानेवर हात ठेवला. तो काढला नाही.

डेरीमॉइलच्या घराण्याला मे महिन्यापासून लॉर्ड नव्हता. उलिकचा थोरला भाऊ, लॉर्ड जर्वेज, सरोवरात होडी उलटून बुडाला. त्याला मूल नव्हतं, म्हणून किताब धाकट्याकडे आला. दुसऱ्या दिवसापासून सगळे उलिकला लॉर्ड म्हणू लागले. त्याच सकाळी दाढी करता करता उलिकने आरशात बघून तो शब्द स्वतःलाच म्हणून पाहिला होता. भावाला जाऊन चोवीस तास झाले नव्हते, आणि शब्द कानाला गोड लागला होता. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी हनोराने, जर्वेजच्या बायकोने, आपल्याला दिवस गेल्याचं सांगितलं. वकील आला. नियम सोपा होता. मुलगा झाला, तर जन्मल्या क्षणापासून तो लॉर्ड. नाही झाला, तर उलिक. तोवर कुणीच नाही.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्या बटलरने, टूहीने, जेवणाच्या टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर पांढरी चादर घातली. उलिकची बशी डावीकडे, त्याच्या लहानपणापासूनच्या जागी मांडली. "सूप, मिस्टर उलिक," तो म्हणाला. टूही नियमाचा पक्का होता. त्याच्या हाताखाली कुणाला काय म्हणायचं यात चूक करायची कुणाची छाती नव्हती.

उलिकला अपमान वाटायला हवा होता. त्याला मोकळं वाटलं. जर्वेजचं काहीतरी परत येणार होतं. आरशासमोरचा तो शब्द जणू म्हटलाच गेला नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळी तो हनोराच्या दारावर टकटक करायचा.

"मी अजून मिस्टरच ना?"

"मिस्टरच आहेस," ती आतून ओरडायची. "आणि तुझा लॉर्ड लाथा मारतोय. जा, खाली जाऊन चहा घे आणि वाकायची सवय कर."

बाजारातून निघाल्यापासून हेच संभाषण उलिकच्या डोक्यात चाललं होतं. आज त्यात तट्टाची भर पडणार होती.

तो स्वयंपाकघरातून आत शिरला. नुकत्या पुसलेल्या फरशीवर त्याच्या बुटांचा चिखल उमटला. स्वयंपाकीण मिसेस क्विल्टी एरवी त्याला झाडू घेऊन बाहेर काढायची. आज तिने चिखलाकडे पाहिलं आणि बटाटे सोलत राहिली.

"आलात?" एवढंच म्हणाली.

"आलो. आणि चिखलही आणलाय. ओरड की!"

 तिने अॅप्रनच्या टोकाने नाक पुसलं.

जेवणाच्या खोलीत टूही टेबल मांडत होता. टोकाच्या खुर्चीवर चादर नव्हती. ती घडी करून बाजूच्या कपाटावर ठेवलेली होती. टेबलावर एकच बशी होती, त्या खुर्चीसमोर.

"टूही, कुणी पाहुणे आहेत का?"

"नाहीत."

नुसतं नाहीत. बेचाळीस वर्षांच्या नोकरीत टूहीने घरच्या कुणाला मिस्टर किंवा लॉर्ड म्हटल्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं. त्याने हातातला काटा बशीशेजारी सरळ ठेवला, दोन पावलं मागे सरकला, आणि ज्याला त्याने खांद्यावर बसवून बाग दाखवली होती त्या उलिकसमोर कमरेत वाकला.

 उलिक जिना चढला. अर्ध्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खिशातला छोटा लगाम काढून मुठीत धरलाय. त्याने तो पुन्हा खिशात कोंबला.

हनोराच्या दाराशी तो उभा राहिला. दुसरं काय विचारायचं ते त्याला सुचेना. किंवा सुचलं, पण ते विचारवेना. त्याने टकटक केली आणि रोजचाच प्रश्न विचारला.

"मी अजून मिस्टरच ना, हनोरा?"

 आतून तिचा आवाज आला. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा.

"आत या, लॉर्ड डेरीमॉइल."