मंगळवारचे दगड

"मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यावर दगड मांडले हायेत, तिथं लवकर या," एवढंच बोलून बाईनं फोन ठेवला. पुलाच्या कठड्यावर रंगवलेला नंबर पाहून लोक गाड्या दुरुस्त करणाऱ्या प्रीतम मिस्त्रीला असेच फोन करायचे. मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि निंबाची फांदी ठेवतातच, त्यामुळे जागा लगेच सापडली. ट्रक मात्र कुठंच नव्हता. फांदीही पार वाळलेली. आज बंद पडलेल्या गाडीमागे वाळकी फांदी कशी, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसलेली बाई उठून आली.

"ट्रक कुठी हाये, बाई?"

"तो तं मंगळवारीच गेला. तुमीच दुरुस्त करून देल्ला. मी वावरातून पाहून रायली होती."

"मंग मले काहून बोलावलं?"

तिनं नालीकडे बोट केलं. तिथं एक मोटरसायकल उलटी पडली होती आणि बाजूला दुधाची चेपलेली कॅन.

"सकाळी धुक्यात माये सासरे या दगडायवर आदळले. त्यायले अकोल्याले नेलं," ती म्हणाली. "दुसरं कोनी पडू नये म्हनून मी राखत बसली. आता हे दगड तुमच्या हातानं उचला."